ऑलिम्पस ट्रिप ३५ : पणजीचे शनिवार-रविवार, काही महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुमाराला सेकंडहँड घेतला, आता पाऊस लागलाय आणि कॅमेरा डब्यात गेलाय, म्हणून लिहायला बसलो. मी फोंड्याचा, शनिवारी सकाळच्या बसने पणजी गाठायची, जमलं तर मित्राकडे मुक्काम, रविवारी परत, असा माझा वापर. फिल्मवर फोटो काढत शहरात दोन दिवस फिरायचंय त्यांनी पुढे वाचा. लग्नं, पक्षी, क्रिकेटवाल्यांनी हा घेऊच नका.

वस्तू अशी आहे. १९६७ ला आला, १९८४ पर्यंत बनत होता, म्हणजे हातात येईल तो प्रत्येक पीस चाळिशी ओलांडलेलाच. लेन्स ४० मिमी, एफ २.८ (उजेड आत घेणारं भोक जास्तीत जास्त एवढं उघडतं, आकडा वाढला की भोक लहान). शटरचे स्पीड दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद, आणि कुठला लावायचा ते कॅमेरा ठरवतो, तुम्हाला कोणी विचारत नाही. बॅटरी लागत नाही, लेन्सभोवती गोल दाणेदार काच दिसते तिच्यामागे सेलेनियमचा सेल आहे, तो उजेडावरच चालतो. उजेड कमी पडला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर येते आणि शटर लॉक. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी झेंडीच येते त्यामुळे काळी फ्रेम जात नाही, हे मला भारी आवडतं. फोकसला रिंगवर चित्रं आहेत, एक डोकं, दोन डोकी, घोळका, डोंगर. अंतराचा अंदाज घ्यायचा आणि मारायचा. सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर गल्लीच्या तोंडाशी दिसला तर रिंग घोळक्यावर म्हणजे साधारण तीन मीटरवर ठेवून थांबायचं, तो तिथे आला की क्लिक, यात ऑटोफोकसवाल्या मित्रापेक्षा माझे जास्त फोटो शार्प आलेत.

आता खरा मुद्दा. या कॅमेऱ्याबरोबर ट्रिपचा प्लॅन तुम्ही करत नाही, ऊन करतं. स्थळांची यादी काढून निघालात तर निम्मा रोल फुकट जातो. फोन्तेन्यास ही पणजीची जुनी पोर्तुगीज वस्ती अल्तिन्हो टेकडीच्या पूर्वेच्या पायथ्याशी आहे, समोर उरेमची खाडी, त्यामुळे सकाळचं ऊन खाडीवरून थेट घरांवर येतं. साडेसात ते साडेनऊ, बस. त्या वेळी पिवळ्या-निळ्या भिंती कोडॅक गोल्ड २०० या कलर फिल्मवर जशा येतात तशा नंतर येतच नाहीत, दुपारनंतर सूर्य टेकडीमागे सरकला की गल्ल्या सावलीत जातात, झेंडी येत नाही पण रंग मरतो, सगळं निळसर थंड. आणि लोक दुपारी चारला तिथे येऊन सेल्फी काढत उभे असतात! बाकी ती लोकांची राहती घरं आहेत. फोटो काढू नका, पायऱ्यांवर बसू नका असे बोर्ड लावलेत बऱ्याच जणांनी, आणि ४० मिमी लेन्सला जवळ जावंच लागतं, तेव्हा दारात कोणी आजी उभी असेल तर आधी विचारायचं. नाही म्हणाली तर रस्त्याला लागायचं, शेजारच्या मळा भागात आणि मारुतीगडाच्या पायऱ्यांवर भरपूर काही आहे.

चर्चचं उलट. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं तोंड पश्चिमेकडे, बागेच्या बाजूला, म्हणजे ते दुपारी तीननंतरचं काम. आत्ताची इमारत १६१९ ची, पांढरीशुभ्र, आणि तिथेच कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेडच जास्त आहे, मग चर्च करडं येतं. उपाय सोपा, फिल्म २०० ची असेल तर आयएसओची (फिल्म किती उजेडाची आहे ते सांगणारी) रिंग १०० वर न्यायची म्हणजे कॅमेरा जास्त उजेड घेतो, फोटो मारायचा, परत २०० वर आणायची. जुन्या सचिवालयाजवळचा संमोहनासाठी प्रसिद्ध गोवेकर पाद्री अबे फारियाचा पुतळा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ चा, तिथेही हीच युक्ती पण कारण वेगळं, पुतळा काळपट आणि मागे लखलखीत आभाळ, मीटर आभाळाचं ऐकतो आणि फारियांच्या हातांचा तो सगळा ताण नुसत्या काळ्या आकृतीत जातो. मी तिथे आभाळ पांढरं पडलं तर पडू देतो.

मिरामारच्या किनाऱ्यावर भर दुपारी ४०० ची फिल्म नेऊ नका. एफ २२ आणि १/२०० म्हणजे या कॅमेऱ्याची हद्द, साध्या उन्हालाच ती लागते, वाळू-पाण्याची चमक धरली तर वरचा उजेड जास्तच होणार. कलर निगेटिव्ह तेवढं सहन करते, पण कशाला. दुपार भाजीपाव खाऊन सावलीत काढावी. संध्याकाळी दिवे लागले की लाल झेंडी, भोकाची रिंग ए (ऑटो) वरून काढून २.८ वर ठेवली तर १/४० ला मारतो पण हात स्थिर पाहिजे, मी भिंतीला टेकतो. चर्चच्या आत वगैरे विचारच सोडा.

ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो. इलफर्ड एचपी ५ फिल्मला आयडी-११ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशाला १३ मिनिटं, कागदावर छान वाटतं, गोव्यात एप्रिलात नळाचंच पाणी तीसच्या आसपास असतं. बर्फ टाकलेल्या तसराळ्यात डेव्हलपरची बाटली ठेवून थर्मामीटर बघत बसायचं, आई म्हणते बर्फ कोकमाला ठेवलाय तेवढा सोड. कलरचे रोल कुरिअरने बाहेर पाठवतो. रोल, धुणं, स्कॅन, कुरिअर धरून एका फोटोमागे चाळीस-पंचेचाळीस रुपये पडतात, शनिवारी एक आणि रविवारी एक रोल हे माझं बजेट, त्यामुळे हात आपोआप आखडतो आणि चांगलंच होतं.

पावसाळा हा मोठा तोटा. आपल्याकडची हवा आणि जुनी लेन्स, बुरशी धरणारच. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत छोटा ह्युमिडिटी मीटर, ४०-५० टक्के ठेवायचं, आणि महिन्यातून एकदा कॅमेरा काढून चालवायचा. चामड्याच्या केसमध्ये अजिबात नाही, ती ओल धरते. फिल्म फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढल्यावर दोनेक तास डबी उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं.

विकत घेताना लेन्सवर टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा, मग लेन्स हाताने झाकून बटन दाबा, झेंडी आली पाहिजे, खिडकीकडे धरून दाबा, यायला नको. दोन्हीत काहीच फरक नाही म्हणजे सेल गेलेला, कितीही स्वस्त असला तरी सोडा. मागच्या दाराचा फोम चिकट झालेला असतोच, तो बदलायला फार खर्च नाही. मी साडेसहा हजार दिले, त्या भावात मला पटला.

बाहेरून विमानाने येणाऱ्यांनी रोल हँडबॅगेत, पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासा म्हणून विनंती करा, चेक-इन बॅगेत कधीच नको, तिथली मशीन फिल्म धुरकट करतात. जमलं तर काढलेले रोल इथूनच कुरिअरने लॅबला पाठवून मोकळ्या हाताने परत जा.