फ्रूट पाय: पाकिटातला घ्यावा की बेकरीतला?

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे मॉलच्या रॅकवर पाकिटबंद फ्रूट पाय, म्हणजे मैद्याच्या आवरणात फळाचं सारण भरलेला पदार्थ, दिसू लागलाय आणि बेकरीच्या काचेच्या कपाटात सुटा पायही मिळतो. चवीचं ज्याचं त्यानं ठरवावं. पण घरात शुगरचं माणूस आहे किंवा मुलांच्या डब्यात अधूनमधून द्यायचा आहे, आणि पोटात काय जातंय ते बघून घ्यायचंय, तर दोघांत फरक आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नतक्त्यात तयार विकत मिळणाऱ्या, भाजलेल्या सफरचंदाच्या पायला 100 ग्रॅममागे सुमारे 237 कॅलरी धरल्यात. त्यात फॅट 11 ग्रॅम, कर्बोदकं 34, प्रथिनं जेमतेम 2 आणि फायबर दीड ग्रॅमच्या आसपास. तळलेल्या फ्रूट पायचा आकडा 316 कॅलरी आणि 16 ग्रॅम फॅटपर्यंत जातो. हातात धरून खायचा 128 ग्रॅमचा तळलेला पाय म्हणजे चारशेच्या घरात कॅलरी, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या नुसत्या फॅटच्या. त्यामुळे पाकीट असो की बेकरी, भाजलेला की तळलेला हे आधी बघावं. बेकरीत विचारायला संकोच वाटला तर कडा बघा. भाजलेल्याच्या कडा कोरड्या आणि कमीजास्त तांबूस असतात, तळलेल्याला सगळीकडून एकसारखा रंग आणि बारीक फोड असतात.

पाकिटाची खोड सर्व्हिंगमध्ये, म्हणजे एका वेळी खायच्या छापील प्रमाणात आहे. समजा पाकीट 120 ग्रॅमचं आहे, सर्व्हिंग 40 ग्रॅम छापलंय आणि 100 ग्रॅममागे ॲडेड शुगर, म्हणजे वरून घातलेली साखर, 22 ग्रॅम आहे. दिवसाची मर्यादा 50 ग्रॅम धरून टक्केवारी काढतात, म्हणून तक्त्यात दिसतात 18 टक्के. पण पायचा तिसरा हिस्सा खाऊन उरलेला कोण ठेवतं? अख्खं पाकीट संपलं की साखर झाली 26 ग्रॅमच्या वर, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. टक्केवारीचा रकाना सोडून द्यावा, 100 ग्रॅमचा रकाना घ्यावा आणि त्याला पाकिटाच्या निव्वळ वजनानं गुणून शंभरानं भागावं. ॲडेड शुगरसोबत सॅच्युरेटेड फॅटचंही असंच करा. त्याची दिवसाची मर्यादा 22 ग्रॅम धरलेली असते.

दुसरी मेख फळाची. पाकिटावर फळाचं चित्र किंवा नाव ठळक असेल तर त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. मात्र ते ‘फ्रूट फिलिंग 40 टक्के’ असं असेल तर ते फळ नव्हे. पुढं त्या फिलिंगचे घटक दिलेले असतात आणि घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमानं येतात. साखर आधी, पाणी नंतर आणि सफरचंदाचा पल्प तिसरा, असं असेल तर समजून जा. फिलिंगमध्ये पल्प 35 टक्के धरला तरी 120 ग्रॅमच्या पायमध्ये सफरचंद निघतं 17 ग्रॅम, म्हणजे दोन पातळ फोडी. बाकी दाटपणा स्टार्चचा, घटकांच्या यादीत 1422 हा आकडा दिसला तर तोच. 440 म्हणजे पेक्टिन आणि 202 म्हणजे टिकवण्यासाठी घातलेलं पोटॅशियम सॉर्बेट. यातलं काही भिण्यासारखं नाही, पण त्याला फळ समजू नये.

आता बेकरीतला. ताजा असतो, आवरण खुसखुशीत, फोडी दाताखाली येतात. पल्पापेक्षा हे बरंच, यात वाद नाही. सुट्या मालावर पोषणाचा तक्ता नसतो, तेव्हा हिशोब आपणच करायचा. साध्या आवरणात मैद्याच्या निम्मं फॅट पडतं. ऐंशीएक ग्रॅमच्या पायमध्ये मैदा 30 ग्रॅम, फॅट 15, साखर 12 आणि फळ 20 धरलं तर तीनशेच्या आसपास कॅलरी होतात. आवरण खारीसारखं पापुद्रे सुटणारं असेल तर तेवढ्याच आकारात फॅट 25 ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, आणि कॅलरी आणखी नव्वदनं वाढतात. कागदावर तेलाचा डाग किती पसरतो त्यावरून हे बरंचसं कळतं.

माझं मत फिरलं ते मात्र कॅलरीवरून नाही, टाळूला बसणाऱ्या थरावरून. लोणी साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-45 वर असताना लोणी घालून पीठ लाटणं जवळपास अशक्य, फॅट थरांतून बाहेर येतं आणि आवरण चिवट होतं. म्हणून उन्हाळ्यात जास्त तापमानाला वितळणारं मार्जरीन किंवा वनस्पती वापरलं जातं. ते तोंडाच्या उबेला पूर्ण वितळत नाही. पाय खाऊन झाल्यावर साधं पाणी प्या आणि जीभ टाळूवरून फिरवा. मेणासारखा थर तसाच राहिला तर फॅट कुठलं ते कळलं. हिवाळ्यात चांगला लागलेला पाय उन्हाळ्यात वेगळा होतो आणि दर तोच असतो. गल्ल्यावर विचारावं तर उत्तर एकच, ‘चांगलंच वापरतो.’ ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आलीय, त्यामुळे ती काळजी पूर्वीइतकी नाही. सॅच्युरेटेड फॅट मात्र राहतंच. पाम तेलातच ते जवळपास निम्मं असतं, घट्ट केलेल्या फॅटमध्ये त्याहून जास्त.

पाकिटातही बहुतेक वेळा पामच असतं, हे खरं. पण तिथं ते छापलेलं असतं, ग्रॅममध्ये असतं, आणि मार्चमधलं पाकीट आणि मेमधलं पाकीट सारखंच निघतं. बेकरीत एकाच ट्रेमधले दोन पाय काट्यावर ठेवा, दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सहज सापडतो, कारण आवरण हातानं लाटलेलं आणि फिलिंग चमच्यानं अंदाजानं भरलेलं. शुगरची गोळी घेणाऱ्या माणसाला ‘अर्धा खा’ म्हणायचं तर अर्धा म्हणजे किती, हे ठाऊक हवं. म्हणून अशा घरासाठी माझा कल पाकिटाकडे. तोही भाजलेला, 100 ग्रॅममागे ॲडेड शुगर 15 ग्रॅमच्या आत आणि फळाची टक्केवारी वेगळी छापलेला. फायबरसाठी मात्र दोन्हींकडे बघू नये. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं घरात असतंच. त्याच्या 100 ग्रॅम गरात 89 कॅलरी आणि अडीच ग्रॅमवर फायबर मिळतं.

बेकरीचाच हवा असेल तर एक वाट आहे. नानकटाईसाठी सामान देऊन भाजून घेतात तसं ओळखीच्या भट्टीवर विचारून पहा. मैदा 300 ग्रॅम, लोणी 150 ग्रॅम, मीठ चिमूटभर, थंड पाणी लागेल तसं, आणि मळलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. आत सालीवर काळे ठिपके आलेली केळी घ्या. त्यांच्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते, वरून साखर लागत नाही. केळं चिरल्याबरोबर लिंबू पिळा, नाहीतर भट्टीपर्यंत जाईतो काळं पडतं. गर पातळ वाटला तर दोन चमचे रवा भाजून घाला, तळ ओला राहत नाही. भट्टीवर नेताना डबा बर्फावर ठेवा आणि मे महिन्यात सकाळी सातच्या आत पोहोचा. लोणी एकदा सुटलं की तो गोळा पुन्हा गार करूनही पापुद्रा धरत नाही.