जंगल राखायचं, सावरायचं, बदलायचं की सोडून द्यायचं?

पीक चुकलं तर पुढच्या हंगामात बियाणं बदलता येतं. जंगलात ती सोय नाही. आज लावलेलं रोप ऐंशी वर्षांनी तोडणीला येणार असेल, तर त्याचं कोवळेपण आजच्या थंडीत जाणार आणि म्हातारपण आपण कुणी न पाहिलेल्या उन्हात. ‘इथे पूर्वीपासून हेच झाड येतं’ हा आजवरचा सगळ्यात भरवशाचा नियम होता, हवामान बदलत चालल्यामुळे आता तो लंगडा पडला आहे. जंगलाचा एखादा तुकडा तुमच्या ताब्यात असेल आणि पुढच्या दहा वर्षांच्या कार्यआयोजनेत (जंगलात कोणती कामं कधी करायची याच्या लेखी आराखड्यात) काय लिहायचं हे ठरवायचं असेल, तर प्रश्न हाच आहे.

अमेरिकेतल्या संशोधक कॉन्स्टन्स मिलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2007 मध्ये या गोंधळाला एक उपयोगी मांडणी दिली. पुढे तीच वनसंवर्धनात रूढ झाली. पहिली वाट प्रतिकाराची: आहे ते आहे तसं राखायचं. दुसरी लवचिकतेची: फटका बसेल हे धरून चालायचं, पण सावरण्याची ताकद वाढवायची. तिसरी संक्रमणाची: पुढच्या हवामानाला साजेसं वेगळं जंगल मुद्दाम उभं करायचं. चौथी वाट अर्थातच काहीही न करण्याची. अमेरिकेतल्या काही प्रयोगक्षेत्रांत या चारही वाटा शेजारी शेजारी आखून तपासल्या जात आहेत. मिनेसोटातल्या कटफूट जंगलात लाल पाइनच्या एका भागाला हातच लावलेला नाही, तर दुसऱ्या भागात शेकडो किलोमीटर पश्चिमेला वाढणाऱ्या पाँडेरोसा पाइनची रोपं लावली आहेत.

प्रतिकार: महाग, पण कधी कधी दुसरा पर्याय नसतो

सप्टेंबर 2021 मध्ये कॅलिफोर्नियात वणवा जवळ आला, तेव्हा ‘जनरल शर्मन’ या महाकाय सेक्वोयाच्या बुंध्याला अग्निरोधक चंदेरी पत्रा गुंडाळला होता. प्रतिकाराचं इतकं नेमकं चित्र दुसरं सापडणार नाही. हजारो वर्षं जुनं झाड पुन्हा लावता येत नाही, म्हणून ते वाचवायला वाटेल तेवढा खर्च करायचा. मात्र 2020 आणि 2021 या दोन वर्षांच्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी अंदाजे 13 ते 19 टक्के गेले. प्रत्येक झाडाला पत्रा गुंडाळता येत नाही.

किडीच्या बाबतीतही हेच गणित आहे. स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाचं खोड पोखरणारा भुंगेरा लागला, की नवी पिढी उडण्याआधी ती खोडं काढून न्यायची, हा जुना आणि योग्य उपाय. पण उन्हाळा लांबला की वर्षात पिढ्या वाढतात आणि मजूर कमी पडतात. जर्मनीत जानेवारी 2018 ते एप्रिल 2021 या काळात दुष्काळ आणि भुंगेऱ्यांमुळे सुमारे 5 लाख हेक्टरवरचं झाडांचं छत्र गेलं. त्यात स्प्रूसचा वाटा मोठा होता, आणि त्यातला बराचसा स्प्रूस त्याच्या नैसर्गिक थंड डोंगराळ पट्ट्याबाहेर माणसानेच लावलेला होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या भुंगेऱ्याला आवर घालायची ती हिवाळ्यातली कडाक्याची थंडी. ती सौम्य झाली आणि 1990 च्या दशकापासून 1.8 कोटी हेक्टरहून जास्त जंगलाला त्याची झळ पोचली. थंडी करत होती ते काम कुऱ्हाडीने करायला निघालं, की हिशेब कधीच जुळत नाही.

तरीही ही वाट पूर्ण टाकू नये. एखादी दुर्मीळ प्रजाती, जुनं देवराईसारखं वन, पाण्याच्या उगमावरची झाडी किंवा दहा वर्षांत तोडणीला येणारा माल असेल, तर प्रतिकार शहाणपणाचा. तो मुळात वेळ विकत घेण्याचा व्यवहार आहे. विकत घेतलेल्या वेळेत काय करणार हे ठरलेलं नसेल, तर पैसे पाण्यात.

लवचिकता: बहुतेकांनी इथून सुरुवात करावी

माझा कल सरळ या बाजूला आहे. कारण असं, की भविष्याचा अंदाज चुकला तरी इथे केलेली कामं वाया जात नाहीत.

विरळणीच घ्या. दाट रोपवनात एकाच ओलाव्यासाठी शंभर मुळं भांडतात. काही झाडं काढली की उरलेल्यांच्या वाट्याला पाणी येतं, आणि दुष्काळात हाच फरक जीव वाचवतो. वणव्याच्या प्रदेशात ठरवून, थंड आणि ओलसर दिवसांत केलेलं जाळकाम पालापाचोळा कमी करतं, म्हणजे पुढचा वणवा जमिनीवरून जातो, शेंड्यांतून नाही. सेक्वोयांच्या जायंट फॉरेस्ट भागात अनेक दशकांपासून असं जाळकाम होत आलं आहे. ज्या झाडाला 2021 मध्ये पत्रा गुंडाळला ते याच भागातलं. बातम्यांत पत्रा आला, पण आगीचा जोर कमी करण्यात आधीच्या कित्येक वर्षांच्या या कंटाळवाण्या कामाचा वाटा मोठा होता.

मग मिश्रण. चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या मोठ्या प्रयोगात आठ वर्षांनंतर 16 प्रजातींच्या वाफ्यांत हेक्टरी सरासरी 32 टन कार्बन साठला, एकाच प्रजातीच्या वाफ्यांत सुमारे 12 टन. आकडे तिथल्या उपोष्ण जंगलाचे आहेत, ते जसेच्या तसे दुसरीकडे लावू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे. एक सावधगिरी मी मुद्दाम सांगेन: चार प्रजाती लावल्या आणि चारही एकाच किडीच्या ताटात बसणाऱ्या निघाल्या, तर ते मिश्रण फक्त कागदावरचं. मुळांची खोली, पानगळीची सवय, वणव्यानंतर फुटून येण्याची क्षमता, यांत फरक हवा. वयांतही हवा, कारण वादळ मोठी झाडं पाडतं आणि दुष्काळ आधी रोपांना मारतो.

उणीव एवढीच, की विरळणीनंतर पहिली काही वर्षं उघडी पडलेली झाडं वाऱ्याला बळी पडू शकतात. म्हणून ती एकदम न करता टप्प्याटप्प्याने करावी. शिवाय मिश्र जंगलाची तोडणी, मोजणी आणि विक्री किचकट होते. खर्चाचा खरा भार इथे येतो.

संक्रमण: सगळ्यात मोहक, सगळ्यात धोक्याची

जागतिक सरासरी पाहिली तर एकविसाव्या शतकात हवामानाचे पट्टे वर्षाला साधारण 0.42 किलोमीटर या वेगाने सरकतील, असा 2009 मधला एक अंदाज आहे. डोंगरात वेग पुष्कळ कमी, कारण शंभर मीटर चढलं की हवा साधारण अर्धा ते पाऊण अंशाने थंड होते. सपाटीवर मात्र झाडांना इतकं पळणं जमत नाही, आणि मध्ये शेतं, रस्ते, शहरं आडवी येतात. मग आपणच त्यांना उचलून का नेऊ नये?

नेता येतं, पण पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे तीच प्रजाती, पण बियाणं जरा उष्ण भागातून आणलेलं. ब्रिटिश कोलंबियाने 2009 पासून 48 ठिकाणी 15 प्रजातींचे बीजस्रोत, म्हणजे वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेलं बियाणं, लावून पाहिले, आणि 2018 मध्ये हवामानावर आधारित बियाणं निवडण्याचे नियम लागू केले. दुसरी पायरी म्हणजे प्रजातीची हद्द थोडी पुढे सरकवणं. तिसरी म्हणजे अगदी दूरची प्रजाती आणणं, आणि तिथे माझा हात आखडतो. दक्षिण आफ्रिकेत लाकडासाठी आणलेल्या पाइनने फिनबॉसच्या झुडपी रानात आक्रमण केलं. आणणं सोपं होतं, काढणं पिढ्यांचं काम झालं.

पहिल्या पायरीवरही घसरता येतं. फ्रान्सच्या लांद भागात आयबेरियातून (स्पेन-पोर्तुगालच्या भागातून) आणलेल्या बियाण्याचे सागरी पाइन लावले होते. 1985 च्या हिवाळ्यात कडाका पडला आणि सुमारे 30,000 हेक्टर रोपवन मेलं. तापमानाची सरासरी चढत असली तरी एखादी कडक रात्र येतेच, आणि झाड सरासरीत जगत नाही, त्या रात्रीत जगतं किंवा मरतं. म्हणून फार दक्षिणेचं बियाणं घेण्यापेक्षा पुढच्या वीस-तीस वर्षांना पुरेल इतकंच अंतर घ्यावं, आणि स्थानिक बियाण्यात ते मिसळावं. एखादा कडक हिवाळा आला तर निदान अर्धी रोपं राहतील.

काहीच न करणं

याला आळस समजू नये. 1983 मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात वादळाने झाडं पाडली, तेव्हा ती उचलायची नाहीत असा निर्णय झाला. पुढे भुंगेऱ्यांनी हजारो हेक्टरवरचे स्प्रूस वाळवले आणि आसपासचे लोक संतापले. नंतर त्याच उभ्या-आडव्या मेलेल्या लाकडात नवं जंगल आपणहून उगवलं, आधीपेक्षा जास्त विविध वयांचं आणि रचनेचं. पण तिथे बियांचे स्रोत जवळ होते आणि लाकडावर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं. तुमच्या तुकड्याभोवती बियाणं देणारी झाडं नसतील, किंवा मोकळ्या जागेत आक्रमक तण आधीच टपलेलं असेल, तर ‘निसर्ग पाहून घेईल’ हे वाक्य महागात पडतं.

मग ठरवायचं कसं

एकच वाट संपूर्ण जंगलाला लावू नका. तुकड्यातली झाडं आणखी किती वर्षं उभी राहायची आहेत आणि चूक झाली तर ती परत फिरवता येईल का, या दोन गोष्टी पाहा. थोडी वर्षं उरली असतील किंवा गमावलेलं परत येणारच नसेल, तर राखा. मधल्या वयाचं सगळं जंगल विरळणी आणि मिश्रणाकडे न्या, क्षेत्राचा मोठा हिस्सा इथेच जाईल. बदल तिथे करा जिथे जागा आधीच मोकळी आहे: वणव्याने जळलेली, तोडणी झालेली, कीड लागून गेलेली. उभं चांगलं जंगल पाडून भविष्यातलं जंगल लावण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर त्याचा लाकडाचा धंदा आहे का ते आधी विचारा. आणि एक पट्टा हात न लावता ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी कामाचा फायदा झाला की पावसाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

रोपवाटिकेला हवं ते बियाणं गोळा करून रोपं तयार करायला बहुधा एक-दोन वर्षं लागतात. त्यामुळे पुढचा वणवा येण्याआधीच कोणत्या बीजस्रोताची किती रोपं लागतील ही मागणी नोंदवून ठेवा, आणि लागवडीच्या नोंदवहीत प्रजातीशेजारी बियाणं कुठून आलं आणि किती उंचीवरचं, यासाठी एक रकाना आखा.