नवी पेठेतील रेडिओ दुरुस्ती : जुन्या मर्फीचा आवाज परत आला

व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारे जुने रेडिओ अजूनही मन लावून दुरुस्त करून देणारे एक दुकान सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात आहे. दुकानावर फलक नाही; आसपासच्या कापड दुकानांत ‘रेडिओवाले काका कुठे बसतात’ एवढे विचारले की कोणीही वाट दाखवतो. आमच्या घरचा मर्फीचा संच त्यांनी नुकताच दुरुस्त करून दिला. काम इतके नेटके झाले आहे की, ज्यांच्या माळ्यावर असा एखादा संच धूळ खात पडला असेल त्यांच्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहावासा वाटला.

संच हाती घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. ‘यावर तुम्ही काय ऐकत होता?’ असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘बातम्या.’ कारण आमच्या घरात हा रेडिओ गाण्यांपेक्षा बातम्यांसाठीच लावला जाई, आणि देशावर कोसळलेली संकटे आम्ही याच्याच तोंडून ऐकली आहेत.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी दिवाळीची सुट्टी चालू होती. इंदिराजींवर गोळ्या झाडल्याचे दुपारपर्यंत गल्लीत सर्वांच्या कानी आले होते, परंतु त्या जिवंत आहेत की नाहीत हे कोणालाच ठाऊक नव्हते. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमधून पहिली पाळी संपवून आले, त्यांनी हातपाय न धुता बँड बदलून शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरदेशीची केंद्रे लागणाऱ्या पट्ट्यावर, काटा नेला आणि बीबीसी शोधू लागले. खरखरीतून निधनाचे शब्द आले तेव्हा शेजारच्या पद्मशाली कुटुंबातील आजी दारातूनच तेलुगूत विचारत होत्या, आणि त्यांना सांगायला कोणाचीही जीभ रेटेना. आकाशवाणीने अधिकृत वृत्त दिले ते संध्याकाळी सहाच्या सुमारास. तोपर्यंत खोलीत बसायला जागा उरली नव्हती, आणि इतकी माणसे असूनही संचातला विजेचा बारीक गुणगुणाट सर्वांना ऐकू येत होता. राजीव गांधींच्या हत्येची बातमी १९९१च्या मे महिन्यात सकाळी उठल्याबरोबर ऐकली, तीही येथेच.

तिसरी आठवण अधिक जवळची आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्री, भूकंपाने घर हादरले. भांडी पडली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. उजाडल्यावर वडिलांनी आत जाऊन रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापून आवाज येईपर्यंत अर्धे मिनिट तरी लागते. त्या सकाळी तेवढा वेळही सोसवत नव्हता. पुढे किल्लारी, सास्तूर ही नावे बातम्यांतून येत राहिली आणि जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणले जाऊ लागले. आमच्याकडे लातूर-उस्मानाबाद भागात नातेवाईक असलेली कितीतरी कुटुंबे होती. प्रत्येक बातमीपत्राला ती मंडळी आमच्या ओसरीवर येऊन बसत.

हे सर्व काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि स्वतःचेही सांगितले. १९८४ साली ते दुसऱ्याच्या दुकानात शिकाऊ होते. त्या दिवशी मालकाने मोठा स्पीकर रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता आणि दुरुस्तीचे काम बंद ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला बातम्या ऐकवल्या होत्या, असे ते म्हणाले.

आता कामाविषयी. यापूर्वी दुसऱ्या एका शहरातील कारागिराने आतील सर्व भाग काढून पेटीत ब्लूटूथचा तयार संच बसवून देण्याची तयारी दाखवली होती. पेटी तीच राहिली असती, पण आवाज परका झाला असता, म्हणून मी तेथून संच परत आणला. काकांनी मूळ व्हॉल्व्ह तपासून तसेच ठेवले. गळके झालेले कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) आणि सुकलेले फिल्टर कंडेन्सर मात्र बदलले, आणि तुटलेली डायलची दोरी नव्याने ओवली. स्पीकरच्या कोनाला गेलेली चीर त्यांनी पातळ कागद चिकटवून सांधली आहे. संच प्रथम चालू करताना त्यांनी तो थेट विजेला जोडला नाही. मध्ये शंभर वॅटचा सिरीज बल्ब, म्हणजे संचाला जाणारी वीज ज्याच्यातून जाते असा दिवा, घातला. बल्ब क्षणभर प्रखर पेटून मंदावला, तेव्हा आत कुठे शॉर्ट नाही याची खात्री करून घेऊन त्यांनी पुढचे पाऊल उचलले. अनेक वर्षे बंद असलेला संच घरी परस्पर विजेला लावून पाहणाऱ्यांनी ही खबरदारी ध्यानात घ्यावी. थेट विजेला लावल्यास जुने भाग जळू शकतात आणि माणसाला धक्काही बसू शकतो.

आवाजाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. निवेदकाचा आवाज लाकडी पेटीतून जसा भरदार आणि स्वच्छ येत असे तसाच येतो. स्टेशन नीट लागले की हिरव्या मॅजिक आयच्या (स्टेशन कितपत नीट लागले ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याच्या) पाकळ्या पूर्वीप्रमाणे मिटत येतात. मिडियम वेव्हवर दिवसा मोजकीच केंद्रे मिळतात, रात्री दूरची लागतात. सोलापूर आकाशवाणी एफएमवर असल्यामुळे या संचावर ती लागत नाही. शॉर्टवेव्हवर बीबीसीची हिंदी सेवा २०२० साली बंद झाली, त्यामुळे तो पट्टा आता बराचसा रिकामा आहे. काकांनी हे आगाऊ आणि स्पष्ट सांगितले होते, याचे मला विशेष वाटते.

दर माझ्या मते रास्त आहे, परंतु काम सावकाश होते आणि सांगितलेली तारीख पुढे जाते. पावती लिहून देण्याची पद्धत नाही. ती त्यांनी सुरू करावी, कारण वाडवडिलांची वस्तू ठेवून जाणाऱ्याला तेवढा आधार हवा असतो. त्याहून मोठी चिंता अशी की, त्यांच्या हाताखाली सध्या कोणी शिकत नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या सोलापूरच्या मुलांनी सुट्टीत येथे येऊन बसावे, असे मला मनापासून वाटते. ते शिकवायला तयार आहेत.

संच नेताना मागचे पुठ्ठ्याचे झाकण आणि सुटलेली बटणे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत. मर्फीची मूळ बटणे आता सहजासहजी मिळत नाहीत. शक्यतो दुपारनंतर जावे. सकाळी ते गिऱ्हाइकांच्या घरी दुरुस्तीला गेलेले असतात.