किडनी रोपणानंतरची औषधे आणि फोंड्यातील एक फार्मसी

फोंड्याच्या वरच्या बाजारातील एका लहानशा फार्मसीत किडनी रोपण झालेल्या रुग्णांची औषधे नियमित मिळतात. गोव्यात या औषधांसाठी ज्यांना धावपळ करावी लागते त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईची किडनी बसवली आहे. शस्त्रक्रिया बेळगावला झाली, पुढची तपासणी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात चालू आहे, आणि औषधे मात्र आम्ही इथूनच घेतो. मालकीणबाई स्वतः फार्मासिस्ट आहेत आणि त्यांना जाहिरात नको आहे, म्हणून दुकानाचे नाव देत नाही. वरच्या बाजारात किडनीची औषधे कुठे मिळतात असे विचारले तर कोणीही दुकान दाखवील.

या दुकानाचे मोल समजण्यासाठी रोपणानंतर शरीरात काय चालते ते थोडे सांगावे लागेल. किडनी आईची असली तरी मुलाच्या शरीराला ती पूर्णपणे आपली वाटत नाही. पेशींवर ओळखचिन्हासारखे असणारे एचएलए प्रथिनांचे दोन संच प्रत्येकात असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. आईचा एकच संच मुलात उतरतो, त्यामुळे तिच्या किडनीवरचा दुसरा संच मुलाच्या प्रतिकारशक्तीला परका वाटतो आणि ती त्यावर हल्ला करू पाहते. हा हल्ला थोपवण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधे घ्यावी लागतात. त्यांतले टॅक्रोलिमस सर्वांत नाजूक. रक्तातील त्याची पातळी खाली गेली तर शरीर किडनी नाकारू लागते. वर गेली तर तेच औषध किडनीला इजा करते, हात थरथरू लागतात, रक्तातील साखर वाढते. म्हणूनच तपासणीच्या दिवशी सकाळची मात्रा न घेता, आदल्या रात्रीच्या मात्रेनंतर सुमारे बारा तासांनी रक्त द्यायचे असते. इतक्या अरुंद पट्ट्यात राहायचे असताना दुकानदाराने ‘हे नाही, पण यातलेच दुसरे आहे’ असे म्हणत वेगळ्या कंपनीची स्ट्रिप हाती देणे परवडत नाही. बाजारात पॅनग्राफ, टॅकफा अशी अनेक नावे आहेत आणि ती चांगली असतीलही. पण एकावरून दुसऱ्यावर जायचे तर डॉक्टरांना सांगून आणि नंतर पातळी तपासूनच जायला हवे. या फार्मसीत आजवर एकदाही न विचारता ब्रँड बदललेला नाही. भावाच्या नावाचे एक जाड कार्ड तिथे ठेवलेले आहे. त्यावर ब्रँड, मात्रा आणि डॉक्टरांनी केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहिलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. मध्यंतरी सवलत मिळते म्हणून भावाने एका ऑनलाइन सेवेकडून टॅक्रोलिमस मागवले होते. ते पाकीट सोबत घेऊन आम्ही प्रेडनिसोलोन आणायला या दुकानात गेलो. बाईंनी पाकीट पाहायला मागितले, स्ट्रिप उलटी करून चष्म्याजवळ धरली आणि नावापुढच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. “भाई, ही दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल आहे. तुमच्या कार्डावर सकाळ-संध्याकाळची आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका.” औषध हळूहळू सोडणारी कॅप्सूल आणि साधी कॅप्सूल यांत औषध तेच असते, पण एकीच्या जागी दुसरी घेता येत नाही, हे अनेक दुकानदारांनाही ठाऊक नसते. चिठ्ठीवर साधी कॅप्सूल लिहिलेली असताना त्या सेवेने दुसरीच पाठवली होती आणि तक्रार केल्यावर पैसे परत देण्यापलीकडे काही केले नाही. बाईंनी मात्र त्याच वेळी योग्य कॅप्सूल काढून दिल्या, दुसरीकडून घेतलेले पाकीट का तपासायचे असा प्रश्न त्यांना पडला नाही.

दुसऱ्या कोणत्याही आजाराची चिठ्ठी घेऊन गेलो तरी त्या आधी कार्ड काढतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल लिहिलेले असेल तर टॅक्रोलिमसची पातळी चढते, आणि क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा फिटवरील फेनिटोइन असेल तर ती घसरते; अशा वेळी त्या स्वतः डॉक्टरांना फोन लावतात. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक मागितले तर देत नाहीत. आमच्यासमोर त्यांनी एका गृहस्थांना ॲलोप्युरिनॉल देण्याचे थांबवले, कारण त्यांना रोपणानंतर ॲझाथायोप्रिन चालू होते आणि ही दोन औषधे एकत्र आली तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी चूर्णे आणि काढे त्यांच्या कपाटातही आहेत, पण रोपण झालेल्या माणसाला त्या ते विकत नाहीत. जी शक्ती दाबून ठेवण्यासाठी दर महिन्याला एवढा खर्च चालू आहे तीच वाढवायला निघणे किती उलटे आहे, हे त्या न रागावता समजावून सांगतात. गणेश चवथीच्या आधी आणखी एक सूचना न चुकता मिळते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधलेले पपनस नंतर घरात वाटून खाल्ले जाते, ते रोपण झालेल्याने खाऊ नये. पपनसाच्या सेवनानंतर एका किडनी रोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तातील टॅक्रोलिमस वाढल्याची नोंद 2003 साली वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे, म्हणजे ही ऐकीव भीती नव्हे. पावसाळ्यात कॅप्सूल मूळ आवरणातून काढून डबीत भरून ठेवू नयेत, हेही त्याच सांगतात. आपल्याकडच्या दमट हवेत ते खरोखर महत्त्वाचे आहे.

या गोळ्या कधी थांबतील का, हा प्रश्न त्या काउंटरवर मी अनेकदा ऐकला आहे, आणि बाई त्याचे प्रामाणिक उत्तर देतात, याचे मला फार मोल वाटते. औषधाशिवाय शरीराने परका अवयव स्वीकारणे अशक्य नाही. 1953 साली बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वंशाच्या पेशी सोडल्या, आणि ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांनी त्याच वंशाची त्वचा स्वीकारली. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी किडनी रोपण केले, पण ते एकसारख्या जुळ्या भावांमधले होते. तिथे परकेपणाच नव्हता. आमच्यासारख्यांना जवळची वाटावी अशी माहिती 2008 सालची आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एचएलएची अर्धीच जुळणी असलेल्या नातेवाइकांची किडनी आणि त्यांचीच अस्थिमज्जा (हाडांच्या आतील, रक्तपेशी तयार करणारा मगज) पाच रुग्णांना एकाच वेळी देण्यात आली. एकाची किडनी गेली. उरलेल्या चौघांची प्रतिकारशक्ती दाबणारी सर्व औषधे 9 ते 14 महिन्यांत थांबवता आली. अर्धी जुळणी म्हणजे आई आणि मुलामधली असते तीच. आपल्या देशात अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी मूळ पेशी (स्टेम सेल) वापरून याच दिशेने बरीच वर्षे काम केले. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या नियामक टी पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींच्या, शोधाला मिळाले, त्या पेशींकडूनच किडनीचे रक्षण करून घेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. परंतु अस्थिमज्जेच्या उपचारासाठी शरीराची जी तयारी करावी लागते ती स्वतःच जोखमीची असते, आणि हा मार्ग नेहमीच्या उपचारात आलेला नाही. औषध बंद करूनही किडनी नीट चाललेले काही रुग्ण जगात आढळले आहेत, पण ते अगदी थोडे. स्वतःहून गोळ्या सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांची किडनी हातची जाते, आणि ती गेल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणे नशिबी येते. बाई एवढेच म्हणतात, “संशोधन होऊ दे, तोवर आजची मात्रा आज.” आईने दिलेल्या अवयवाची जबाबदारी घेतलेल्या घराला यापेक्षा योग्य सल्ला कोणी देईल असे मला वाटत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दुकान दुपारी एक ते चार बंद असते आणि रविवारी उघडत नाही, त्यामुळे पेडणे किंवा काणकोण यांसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी वेळ पाहूनच निघावे. सवलत ऑनलाइन सेवांच्या मानाने कमी मिळते आणि महिन्याच्या खर्चात तो फरक जाणवतो. औषध घरपोच पाठवण्याची सोय नाही. कमी मात्रेच्या कॅप्सूल कधी कधी मागवून घ्याव्या लागतात. मला सर्वांत खटकते ते असे की काउंटर अरुंद आहे आणि रुग्णाच्या आजाराविषयीचे बोलणे मागे उभ्या असलेल्या सर्वांच्या कानावर पडते. तरुण रुग्णांना, विशेषतः लग्न व्हायचे असलेल्या मुलींना, ते फार जड जाते. आतल्या बाजूला दोन खुर्च्या मांडण्याइतकी जागा आहे. तिथे बसून बोलण्याची सोय करावी असे मी बाईंना सुचवले आहे आणि त्यांनी ते मान्यही केले आहे, पण अजून तसे झालेले नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने रुग्णालयाची डिस्चार्ज समरी, टॅक्रोलिमसच्या पातळीचा शेवटचा अहवाल आणि सध्या चालू असलेल्या स्ट्रिपची मोकळी पाकिटे सोबत न्यावीत. कार्ड तयार करायला थोडा वेळ लागतो, म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर लगेच गेलेले बरे. चवथीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत घाऊक विक्रेत्यांकडून माल यायला उशीर होतो, त्या काळातल्या औषधांची मागणी निदान पंधरा दिवस आधी नोंदवून ठेवावी.