वेल्सच्या आडवाटांवर ऑर्डनन्स सर्व्हेचे लँडरेंजर नकाशे: हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

कार्डिफहून नणंदेकडे अ‍ॅबरिस्टविथला, तिथून ट्रेगॅरनच्या बाजूला मैत्रिणीच्या मेंढ्यांच्या फार्मवर आणि परतताना बिल्थ वेल्सला यांच्या मावसभावाकडे, अशा आमच्या फेऱ्या गेल्या हिवाळ्यापासून चालू आहेत. तेव्हापासून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे हे गुलाबी कव्हरचे लँडरेंजर नकाशे गाडीत आहेत. मध्य वेल्समध्ये कुणाकडे जायचं असेल तर ते घ्याच.

इथे खेड्यांत एकाच पोस्टकोडमध्ये लांबलांबची घरं येतात. घराला बऱ्याचदा नंबर नसतो, नुसतं नाव असतं. फोन पोस्टकोडच्या मधोमध कुठेतरी नेऊन सोडतो आणि नेमकी तिथेच रेंज जाते. मैत्रिणीचा फार्म मात्र नकाशावर नावानिशी छापलेला आहे. चर्चनंतरचं दुसरं डावं वळण, ओढ्यावरचा पूल, मग चढ, हे सगळं घरून निघण्याआधीच कळतं.

प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. गाडीसाठी अगदी बरोबर. चालायला जायचं असेल तर त्याच संस्थेचा १:२५,००० चा नारिंगी एक्सप्लोरर नकाशा बरा. गाडीत तो बघता बघता संपतो. चार मीटरपेक्षा अरुंद रस्ते वेगळे दाखवलेत, त्यामुळे समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घ्यावी लागणार हे आधीच ठाऊक असतं. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो चढाच्या बाणांचा: एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के, दोन बाण म्हणजे त्याहून खडा. अ‍ॅबरग्वेसिनहून ट्रेगॅरनला जाताना डेव्हिल्स स्टेअरकेस लागतो, तिथे हे बाण बघून ठेवलेले बरे.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, तेव्हा तो रस्ता टाळून आम्ही रायडर गावावरून एलान खोऱ्यातून गेलो. बर्मिंगहॅमला पाणी देणारी, १९०४ मध्ये सुरू झालेली ती दगडी धरणं एकामागून एक येतात. सासूबाई पुढच्या सीटवर नकाशा मांडीवर पसरून बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, बोट निळ्या रंगावर. "आता डावीकडे पाणी येईल बघ," म्हणाल्या, आणि पुढच्याच वळणावर आलं. त्यानंतर कुमिस्टविथपर्यंत त्यांनी नकाशा कुणाच्या हातात दिला नाही.

उणिवाही सांगते. घड्या पडतात तिथे कागद फाटतो. आमचा रोजच्या वापरातला नकाशा मधोमध चिकटपट्टीवर उभा आहे. पावसात घराबाहेर उघडायचा असेल तर पाण्याने न भिजणारी अ‍ॅक्टिव्ह आवृत्ती घ्या, पैसे जास्त पडले तरी चालतील. संध्याकाळी गाडीतल्या दिव्यात बारीक अक्षरं वाचताना डोळे दुखतात. नव्या नकाशांत कव्हरच्या आत एक कोड असतो, तो वापरून तोच नकाशा फोनवर उतरवून ठेवता येतो. रेंज नसली तरी तो चालतो, अंधारात आम्ही तोच उघडतो.

सुरुवातीला कोणते घ्यावेत? एलान आणि बिल्थसाठी लँडरेंजर क्रमांक १४७, अ‍ॅबरिस्टविथसाठी १३५, कार्डिफकडून येणाऱ्यांना ब्रेकनच्या डोंगरांसाठी १६०.