कॉर्कची पट्टी की सिलिकॉन?

जुन्या व्ही-८ (इंग्रजी V आकारात आठ सिलिंडर असलेल्या) इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या वरच्या भागाच्या, पुढच्या-मागच्या कडेतून तेल झिरपतं. मागची गळती तर क्रँकच्या (इंजिनाच्या तळातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलचीच वाटते, म्हणून आधी वरून नीट बघा.

ही कड बंद करायला गॅस्केट किटमधली कॉर्कची पट्टी बसवायला सोपी, पण बोल्ट आवळताना ती हमखास बाहेर सरकते.

मी ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंटच निवडतो. दोन्ही पृष्ठभाग सॉल्व्हंटने पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नाही. मग सुमारे ६ मिमी जाडीची सलग रेघ, कोपऱ्यात बाजूच्या गॅस्केटवर थोडी चढवलेली. मॅनिफोल्ड सरळ खाली ठेवायचं, घासत नाही. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून ऑइल पंपाची जाळी तुंबवू शकतं, तेव्हा हात आवरा. इंजिन २४ तासांनी सुरू करा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारा वायूचा दाब बाहेर काढणारी झडप) तुंबलेला असेल तर मात्र दोन्ही उपाय फुकट.