आईला अमळनेरला न्यायचंय: आखाजीला की हिवाळ्यात?

आईवडिलांना त्यांच्या लहानपणीच्या गावी खान्देशात न्यायचं ठरलं की घरात पहिला वाद महिन्यावरून होतो. आम्ही पुण्याहून गाडी काढून आईला अमळनेरला दोनदा नेलं, एकदा डिसेंबरच्या शेवटी आणि एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दोन्ही खेपांतून जे कळलं ते सांगते.

सोय बघितली तर डिसेंबरला तोड नाही. मुलांना नाताळची सुट्टी असते, दिवसा ऊन कोवळं असतं, फक्त रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो म्हणून स्वेटर-गोधड्या लागतात. गाव पायी फिरता येतं. आईनं मुलांना बोरी नदीचा काठ दाखवला, साने गुरुजी जिथे शिकवत ते प्रताप हायस्कूल दाखवलं, १९१६ साली सुरू झालेली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था बाहेरून दाखवली. दुपारी मामाच्या शेतात भरीत. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरीशी खायची. हे भरीत हिवाळ्यातच खावं, उन्हाळ्यातल्या वांग्याला ती चव येत नाही.

पण दुसऱ्या दिवशी आई गप्प झाली. ज्या दारांत ती हाक मारत होती तिथे तिच्या मैत्रिणींच्या भावजया, नाहीतर त्यांच्याही सुना होत्या. मैत्रिणी कधीच्या शिरपूर, नंदुरबार, सुरतेकडे नांदायला गेलेल्या. वाडे तेच होते, पण तिला ओळखणारं कुणी नव्हतं. हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

खान्देशात आखाजी हा सासुरवाशिणींचा सण, लेकी माहेरी येतात त्या आखाजीला. आई तेव्हा माहेरी आली तर तिच्या मैत्रिणीही आलेल्या असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आम्हाला तिघी भेटल्या. गल्लीतून एकीनं ओळखून "कव्हय उनी व माय?" (कधी आलीस गं बाई?) अशी हाक दिली आणि आई पन्नास वर्षांनी त्याच सुरात अहिराणीत बोलायला लागली. माझ्या मुलानं आजीची ही भाषा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मामाकडे आजी-आजोबांच्या नावानं घागर भरली, तिच्यावर डांगर (इकडे खरबुजाला डांगर म्हणतात) आणि आंबे ठेवले, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला. कडुलिंबाला झोका बांधलेला होता. त्यावर बसायला आईला आग्रह करावा लागला नाही.

याची किंमत उन्हाची. एप्रिल-मेमध्ये ४२ ते ४५ अंश नेहमीचे. अकरा ते पाच घराबाहेर पडायचं नाही, हे आधीच ठरवा. आईवडिलांना रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आखाजीचा बेत करू नका. सण एप्रिलमध्ये आला तर मुलांच्या परीक्षाही आड येतात. मात्र तेवढ्यासाठी थोडं उशिरा जायचं असेल तर अमळनेरला एक सोय आहे: आखाजीनंतर साधारण आठ दिवसांनी, वैशाख शुद्ध एकादशीला इथले संत सखाराम महाराजांचा रथ निघतो आणि बोरीच्या पात्रात यात्रा भरते.

वडिलांना न्यायचं असेल तर हिशोब उलटा. त्यांचे शाळासोबती गावातच शेती करत असतील तर बिनधास्त हिवाळ्यात जा, पारावर सगळे भेटतील. भाऊबंद सुरत-मुंबईला पांगले असतील तर श्रावणातली कानबाई, म्हणजे या खान्देशी देवीचा सण बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी सगळं कूळ गावी गोळा होतं. पण मुक्काम दोनच दिवसांचा आणि घर माणसांनी भरलेलं, निवांत गाव बघणं होत नाही.

रस्त्याचं थोडक्यात. पुण्याहून नाशिक-मालेगाव-धुळे किंवा संभाजीनगर-कन्नड-चाळीसगाव-पारोळा, दोन्हीकडून साधारण ४०० किलोमीटर. हिवाळ्यात मी कन्नडच्या घाटानं जाईन, कारण चाळीसगावजवळ पाटणादेवीला थांबता येतं आणि पारोळ्याचा किल्लाही वाटेत लागतो. पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात, म्हणून कानबाईला धुळ्याकडूनच. आखाजीला पहाटे चारला निघा, धुळे दुपारच्या आत मागे पडलं पाहिजे.

आमच्या आईसाठी मी पुन्हा आखाजीच निवडेन, तीन मुक्कामांची. त्या आखाजीला दोनच ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघी मैत्रिणी मामाच्या ओट्यावर आल्या, आणि आम्ही गाडीत ठेवलेल्या पिशव्या परत घरात आणल्या.